सात नंबरचा दिवा

दौंडात नाट्यगृह बांधायचं ठरलं तेव्हा पहिलं भांडण जागेवरून झालं, दुसरं नावावरून आणि तिसरं पोरांवरून. पहिली दोन भांडणं पुरुषांची, म्हणून ती तीन वर्षं चालली. तिसरं बायकांचं होतं. ते एका दुपारीत मिटलं, आणि मिटवलं सुगराबीनं.

त्याआधी आमच्याकडं नाटकं व्हायची ती भीमेच्या काठी, कनातीत. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं पोत्यांवर बायका आणि बायकांच्या मांडीवर पोरं. नट तान घ्यायचा, की मागून एखादं पोर त्याच्या वरची घ्यायचं. खरं सांगायचं तर पुष्कळदा पोराचीच सुरात असे. पण नवं नाट्यगृह उभं राहिलं, एकसष्ट साली, आणि आमची मिजास वाढली. सिमेंटचं छत, उतरती जमीन, भिंतीला कर्णे, डोक्यावर पंखे आणि उठलं की आपोआप मिटणाऱ्या पाचशे खुर्च्या. पाटस, राहू, मांडवगण, पार शिरूरपासून माणसं बघायला यायची. कुरकुंभचा एक म्हातारा तर दोन अंक नुसती खुर्ची उघडझाप करत बसला. तिसऱ्या अंकाला म्हणाला, "झकास झालं नाटक."

मी कमिटीचा चिटणीस होतो. मला सगळे नाना म्हणत. अध्यक्ष होते हौसराव आप्पा, राहूकडचे बागायतदार. दौंडात त्यांचं मोठं घर होतं आणि त्या घरापेक्षा मोठा त्यांचा आवाज. आप्पांनी दारावर पाटी लावायला सांगितली : लहान मुलांस प्रवेश नाही. बायका म्हणाल्या, मग आम्हांसही नाही. संगीत नाटक आणि बायका नाहीत, म्हणजे लग्नात सगळे भटजीच. शेवटी कमिटीनं सुगराबीला बोलावलं.

सुगराबी म्हणजे रेल्वेतल्या रहीम पॉइंट्समनची विधवा. माहेर शिरूरचं. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, हातात काचेच्या चार हिरव्या बांगड्या, आणि धंदा सुइणीचा. कमिटीतल्या नऊजणांपैकी सहाजणांच्या पोरांचं पहिलं रडणं तिनंच ऐकलेलं. त्यामुळं तिच्यापुढं कोणी आवाज चढवत नसे. आप्पासुद्धा नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एक खोली द्या. बारा पाळणे टांगा. पोरं मी बघते. तुम्ही तुमची गाणी बघा."

झाली पाळण्यांची खोली. प्रत्येक पाळण्याला नंबर आणि त्या नंबराचा पितळी बिल्ला आईच्या हातात. बिल्ला दिला की मूल परत. शिवाय रेल्वेतल्या मेहमूद वायरमननं एक नामी युक्ती केली. आत बायकांच्या बाजूच्या भिंतीवर एक फळी आणि तिच्यावर लाल रंगाचे बारा बारके दिवे बसवले. पोर आवरेनासं झालं की सुगराबीनं खोलीतलं बटण दाबायचं. आत तो नंबर पेटायचा, आणि आई हळूच उठून यायची. असलं पुण्यातसुद्धा नाही, असं आम्ही छाती फुगवून सांगायचो. पुण्याला जाऊन कोणी बघून आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सुगराबीचा कायदा एकच होता. बाळगोळी दिलेलं मूल ती घ्यायची नाही.

बाळगोळी म्हणजे मोहरीएवढी काळी गोळी, आत अफू. वाण्याकडं ती मिळत नसे, आणि मागितली की मिळत असे. खुरपायला जाणारी बाई सकाळी पोराला चाटवून जायची, पोर दुपारपर्यंत गप. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. निम्मा तालुका गोळीवर वाढलेला. कधीकधी ग्रामपंचायतीच्या बैठका बघितल्या की मला वाटतं, तो अंमल अजून उतरलेला नाही. आता नाटकासाठी सजूनधजून येणाऱ्या बायका घरूनच गोळी देऊन यायला लागल्या. खोलीत पोर रडलं, नंबर पेटला, तर चारचौघींत लाज. सुगराबी पोराचं तोंड हुंगायची, पापणी वर करून बाहुली बघायची आणि आईला म्हणायची, "ह्याला घेऊन घरी जा. उद्या जागं झालं की मला आणून दाखव."

एकदा मामलेदारांच्या बायकोला तिनं असं परत पाठवलं. आप्पा भडकले. मी मिटवायला गेलो.

"सुगराबी, मामलेदारीणबाई आहेत त्या."

"नाना, मी आईचा हुद्दा न्हाई इचारत. पोराची बाहुली बघते. निजलेलं पोर मला चालतंय. निजवलेलं न्हाई."

"अगं, पण ते गप राहतं. तुलाच बरं."

"गप राहतं म्हणूनच भ्या वाटतं की. रडणारं पोर सांगतं तरी."

हे मी गावभर हसून सांगितलं. सुइणीचा कायदा, म्हणालो. लोकही हसले.

आता आप्पांच्या घरातली गंमत सांगतो. गंमत म्हणूनच सांगत आलो होतो मी ती, त्या रविवारपर्यंत. आप्पांची बायको तुळजाबाई आणि सून मालन, या दोघींत अबोला होता. कारण लाडू. मालन नवी नवरी असताना हळदीकुंकवाला तिनं लाडू केले, आणि तुळजाबाई चारचौघींत म्हणाल्या, "गोफणीत घालायला बरे हायती." मालन सोळा वर्षांची पोर, पण जीभ पन्नाशीची. ती म्हणाली, "ठेवा मग. तुमच्या शेतात पाखरं लई." झालं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलेनात. पण घर तर चालवायचं. मग निरोप जायचे म्हशीमार्फत. "म्हशे, सांग तुझ्या मालकिणीला, मीठ संपलंय." आणि माजघरातून उत्तर : "म्हशे, सांग तिला, डोळं उघडून बघ, डब्याच्या मागं हाय."

वर्षभरानं नातू झाला. सुगराबीच्याच हातानं. म्हशीची सुटका झाली आणि निरोप्याचं काम नातवाकडं आलं. नाव सदाशिव. "सदा, आजीला सांग, तुझं अंग तापलंय." "सदा, आईला सांग, मला दिसतंय." सात महिन्यांचं ते गोरंगोमटं पोर एकदा इकडं बघायचं, एकदा तिकडं, आणि बोळकं पसरून हसायचं.

बासष्ट सालच्या जानेवारीतला रविवार होता. दुपारी तीनचा प्रयोग. मोठी नाटक कंपनी पहिल्यांदा आमच्याकडं आलेली. तिचा मुख्य नट पोटानं इतका सुटलेला, की रंगमंचावर पोट आधी यायचं आणि राजपुत्र मागून; पण गळा असा, की त्याचं पोट दिसेनासं व्हायचं. सगळी तिकिटं आठ दिवस आधी संपली होती.

तुळजाबाई पुढची जागा धरायला टांग्यानं अडीचलाच येऊन बसल्या. मालन मागून आली. अंगावर जांभळं इरकल, नाकात नथ, कडेवर सदा. मी तेव्हा पाळण्यांच्या खोलीपाशीच उभा होतो. पोर सुस्त होतं. सुगराबीनं पापणी वर केली.

"काय दिलंस?"

"काय न्हाई."

"मालन, ह्याची नाळ मी कापलीय. माझ्याशी खोटं बोलू नगंस."

मालनचे डोळे भरले. "एक दिलीय. एकच, मामी. लई किरकिर करत व्हता. नंबर पेटला तर त्या मला वर्षभर बोलून दाखवतील."

"त्या बोलतात कुठं तुझ्याशी?" मी म्हणालो.

मालन हसली. सुगराबी हसली नाही. "घरी जा."

तिसरी घंटा झाली. मालन माझ्याकडं बघायला लागली. सतरा वर्षांची पोर, जन्मात पहिल्यांदा मोठी कंपनी बघणार. आणि अध्यक्षांची सून दारातून परत गेली तर आप्पा मलाच धरणार, हेही माझ्या मनात होतंच. मी म्हणालो, "सुगराबी, खरं बोलली ना ती? एका गोळीचं तर बोलतेय. गोळीचा अंमल तू शंभर पोरांचा उतरवलास. आजच्या दिवस माझ्या शब्दाखातर."

सुगराबीनं पोराचं तोंड परत हुंगलं. मग मालनला म्हणाली, "एकच ना?"

"सदाची शपथ, एकच."

आणि ते खरं होतं. मालननं एकच दिली होती.

सुगराबीनं सात नंबरचा बिल्ला तिच्या हातावर ठेवला.

पहिला अंक रंगला. अंकाच्या शेवटी मोठं पद होतं, ज्याच्यासाठी लोक आले होते ते. त्याच्या थोडं आधी पडद्यामागून निरोप आला, की समोरच्या भिंतीवर लाल दिवे लागतात, त्यानं नटाचं लक्ष मोडतं; पदापुरते तरी बंद ठेवा. मी उठलो, त्या फळीचं मुख्य बटण खाली केलं आणि जागेवर येऊन बसलो. पद संपलं की चालू करायचं, असं ठरवून.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. दारावर कोंडिबा होता, त्यानं सांगितलं.

सुगराबी पोर छातीशी धरून आली. तिनं आधी सात नंबरचं बटण दाबलं होतं, एकदा नाही, चार-पाच वेळा. कोणी उठून आलं नाही. पोराचे ओठ काळेनिळे पडायला लागले होते. रेल्वेचे डॉक्टर आत दुसऱ्या रांगेत बसले होते. दवाखाना रुळांच्या पलीकडं, आणि रविवारचा बंद.

"कोंडिबा, दार उघड."

"पद चाललंय, सुगराबी. पदात दार उघडायचं न्हाई, आप्पांचा हुकूम हाय. उजेड आत जातो."

"पोर थंड पडाय लागलंय."

"आत्ता संपंल. हे बघा, शेवटचीच ओळ."

ओळ संपली. कोंडिबानं कडीला हात घातला. आतून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि त्याच्यामागं सगळं नाट्यगृह ओरडलं. पद पुन्हा सुरू झालं. कोंडिबाचा हात कडीवरून खाली आला.

वन्स मोअर म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. गाणं आवडलं की परत म्हणा, एवढीच मागणी. पण ज्या गावात वन्स मोअर मिळत नाही त्या गावाला गाण्यातलं काही कळत नाही, अशी कंपन्यांची बोली. दौंड म्हणजे नुसतं इंजिन बदलायचं ठिकाण नाही, हे आम्हांला त्या दिवशी दाखवून द्यायचं होतं. सुगराबीनं दारावर थापा मारल्या. आत टाळ्या चालल्या होत्या.

"नाना," कोंडिबा मला म्हणाला, "मला वाटलं दुसऱ्या बारीला संपंल. आन् तिसऱ्या बारीला ती दाराला डोकं टेकून उभी व्हती. पोराच्या तळव्याला टिचक्या मारत व्हती. बघणाऱ्याला वाटंल, गाण्याला ताल धरलाय."

पद संपलं, पडदा पडला, दारं उघडली. डॉक्टर लगेच धावले, पोराला तिथंच बाकावर निजवलं, छाती चोळली, तोंडानं वारा घातला. मग उठले आणि हात पुसत राहिले.

मालन गर्दीतून आली ती हसतच आली. गालावर अजून गाण्याचा रंग होता. मुठीत बिल्ला. काय झालंय हे कळायच्या आधी सवयीनं तिनं हात पुढं केला, आणि सुगराबीनंही सवयीनं बिल्ला घेतला आणि पोर तिच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं ह्याला?"

मालन म्हणाली, "एक गोळी. एकच."

तेवढ्यात तुळजाबाई पोचल्या. गर्दी मी मागं रेटली होती. खोलीच्या दारात आम्ही पाचच जण. तुळजाबाईंनी पोराच्या कपाळाला हात लावला आणि मालनकडं बघून म्हणाल्या, "तू कवा दिलीस? मी तर दोन वाजताच दिली व्हती."

दीड वर्षानं सासू सुनेशी बोलली, ती अशी.

मालन म्हणाली, "तुम्ही दिली व्हती?"

आणखी काही बोलणं झालं नाही. निरोप्या मध्ये होता.

डॉक्टर सुशील माणूस होते. त्यांनी कागदावर अफूची विषबाधा एवढं लिहिलं आणि ती कुठून झाली हे शोधणं आपलं काम नाही म्हणाले. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. राहिलो आम्ही चौघं. त्यातल्या दोघी आप्पांच्या घरच्या. अफू घरात सापडली तर फौजदार दारात येणार, आणि नाट्यगृहाचा अध्यक्ष, सोसायटीचा चेअरमन, उद्याचा आमदार म्हणून ज्याचं नाव घेतलं जात होतं तो माणूस चावडीत बसणार. सोमवारी सकाळपर्यंत गावात बातमी पक्की झाली होती : पाळण्यांच्या खोलीतल्या आयानंच पोराला काहीतरी चाटवलं, गप राहावं म्हणून. गप्पांचा मी जुना व्यापारी. बातमी कुठल्या ओट्यावरून निघाली ते मी ओळखलं. ती विकली मात्र नाही, अडवलीही नाही.

बैठकीत सुगराबीला बोलावलं. आप्पांनी तिच्याकडं न बघता विचारलं, "तू पोराला काय दिलंस?"

ती माझ्याकडं बघत होती. मी समोरच्या वहीकडं.

"माझ्या हातात गेलं," ती म्हणाली. "आणिक काय पायजे?"

मी लिहिलं : आयाच्या हलगर्जीपणामुळे बालकाचा मृत्यू झाल्याचे दिसून आले, सबब तिला कामावरून दूर करण्यात येत आहे. आप्पांनी खाली सही केली.

त्यानंतर सुगराबीला कोणी बाळंतपणाला बोलावलं नाही. तीस वर्षांत तिच्या हातून गावची पोरं जगात आली. एका आठवड्यात तिची सावलीसुद्धा बाळंतिणीवर नको झाली. वाटेत बायका पदरानं पोरांची तोंडं झाकायला लागल्या. जिनं गोळीची पोरं परत लावली, तिचंच नाव गोळीवाली पडलं. ती शिरूरला भावाच्या मुलीकडं, रशिदाकडं, निघून गेली. मी स्टेशनवर नव्हतो. ती एसटीनं गेली.

दोन वर्षांनी कमिटीनं मला शिरूरला पाठवलं. पाळण्यांच्या खोलीत दोन आया येऊन गेल्या, पण बायकांचा विश्वास बसेना. पोरं परत मांडीवर आली, आत रडायला लागली, आणि कंपन्या कुरकुर करायला लागल्या. आप्पा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आण तिला परत."

घोडनदीच्या बाजूला रशिदाचं दोन खणांचं घर होतं. सुगराबी ओट्यावर गोधडी शिवत बसली होती. हाताला थरथर सुटली होती, टाके वाकडे पडत होते. मला बघून तिनं तोंड फिरवलं नाही, आणि तेच मला फार जड गेलं.

"या, नाना. रशिदा, चहा टाक."

मी निरोप सांगितला. ती टाका घालत राहिली. मग म्हणाली, "मला काय लिवून काढलं त्ये एकदा वाचून दाखवा. मला वाचता येत न्हाई. लोकांनी सांगितलं त्येवढंच ठावं."

ते शब्द मला पाठ होते. मी म्हणून दाखवले.

"बास? एवढंच?"

"एवढंच."

"दिवा बंद व्हता, त्ये न्हाई त्यात?"

"नाही."

"कोंडिबानं दार उघडलं न्हाई, त्ये?"

"नाही."

"वन्स मोअर किती झाले, त्ये तरी लिवलंय का?"

"तीन झाले," ती म्हणाली. "मी दाराशी व्हते. मोजत व्हते. पोराचा श्वास मोजत व्हते, तवा त्येबी मोजले गेले."

मी म्हणालो, "सुगराबी, तू त्या दिवशी का बोलली नाहीस? दोन गोळ्या झाल्या, दोघींनी दिल्या, तुझ्यासमोर कबूल झालं."

"मालन हिरीत गेली असती. सतरा वर्साची पोर. सासू कदाचित गेली नसती, पर ती गेली असती. पोर गेलं त्ये गेलं, आई पण घालवू?" तिनं दोरा दातानं तोडला. "माझं झालं. तुम्ही का न्हाई बोलला?"

रशिदानं चहा आणला. मी बशीत ओतला.

"एक इचारू, नाना?"

"विचार."

"पैल्यांदा कोण वरडलं आतून? त्यो पैला वन्स मोअर. आवाज मला वळखीचा वाटला."

रस्त्यानं बैलगाडी गेली. मी चहा संपवला, बशी पालथी ठेवली आणि पाचची गाडी पकडायची आहे म्हणून उठलो. तिनं मला थांबवलं नाही. परत यायचंही कबूल केलं नाही. कमिटीला मी सांगितलं, म्हातारी आता थकली, तिच्यानं होणार नाही.

पासष्टच्या थंडीत ती गेली. मला कळलं ते पंधरा दिवसांनी, मांडवगणच्या एका माणसाकडून, बाजारात. मालनला पुढं दोन मुली झाल्या. तिनं एकीलाही कधी नाट्यगृहात नेलं नाही. तुळजाबाई आणि ती आता एकमेकींशी बोलतात. फार जपून, फार गोड बोलतात. "खाल्लं का गं?" "खाल्लं, आत्याबाई." ऐकवत नाही.

पाळण्यांच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत. बारा बिल्ल्यांपैकी अकराच सापडतात. बैठकीची ती वही वाळवीनं खाल्ली, त्यामुळं आता तिच्यात काही घालताही येत नाही. म्हणून इथं लिहितो. दिव्यांच्या फळीचं बटण मी बंद केलं होतं. वन्स मोअर तीन झाले. पहिला माझा होता.